सांगू नका म्हटलंय तिने

"कितवी स्टेज?"

आत्याची केमो सुरू झाल्यापासून हा प्रश्न मला लग्नात विचारला गेलाय, भाजी घेताना विचारला गेलाय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा. माझं उत्तर ठरलेलं: "सांगू नका म्हटलंय तिने." त्यावर समोरचा असा बघतो, जणू मी त्याच्या वाटणीची जमीन लाटलीये.

आत्याने निदान कळलं त्याच दिवशी बजावलं होतं. आजाराचं नाव नाही, हॉस्पिटलचं नाव नाही, फॅमिली ग्रुपवर अक्षर नाही. "रडणारी माणसं सांभाळायची ताकद नाहीये गं माझ्यात."

काका भडकले. "आपल्याच माणसांपासून लपवाछपवी? आजार म्हणजे काय पाप आहे?" त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. मुलीचं लग्न अडेल म्हणून आईचा कॅन्सर दडवणारी घरं मी पाहिलीत. ती लाज जायलाच हवी. अतुल परचुरे स्वतःच्या कॅन्सरबद्दल मुलाखतींमधून मोकळेपणाने बोलले, फार बरं वाटलं ऐकून. पण ते बोलले कारण त्यांना बोलायचं होतं. आत्याला नाही बोलायचं. विषय संपला, निदान माझ्यापुरता तरी.

आणि गुप्तता आपल्याला नवीन थोडीच आहे? फक्त ती आपण उलटी पाळतो. रिपोर्ट आला की मुलगा डॉक्टरांना पॅसेजमध्ये गाठतो, "बाबांना सांगू नका हं, खचतील." संध्याकाळपर्यंत सोलापूरपासून बोरिवलीपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. बाबा एकटेच अल्सर समजून गोळ्या घेतात. मग एखादी मावशी भेटायला येते, उशाशी बसून हुंदके देते आणि बाबांना कळायचं ते कळतं. ज्याचं शरीर, त्याला सोडून सगळ्यांना माहीत!

डॉक्टरांवर तरी बंधन आहे. २००२ च्या त्यांच्या आचारसंहितेनुसार मोजके अपवाद सोडले तर पेशंटची माहिती बाहेर फोडता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही गोपनीयतेचा हक्क आहे. नातेवाइकांना मात्र कसलीच आचारसंहिता नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात उपचार घेत होते, आणि बाहेर श्रद्धांजल्या सुरूही झाल्या होत्या. ते हयात आहेत हे घरच्यांना जाहीर करावं लागलं. २६ तारखेला ते गेले. ते मधले दिवस त्या घराने कसे काढले असतील?

"भेटायला तरी येऊ दे," असंही म्हणतात लोक. केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी खूप खाली येतात. तेव्हा नुसता ताप आला तरी तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. अशा वेळी शिंकत-शिंकत सफरचंदं घेऊन येणारी माया परवडत नाही. गव्हांकुराचा रस आणि लक्ष्मणफळाच्या पानांचे फॉरवर्ड तर वेगळेच.

जड जातं ते आतेभावाला. ऑफिसात हसायचं, घरी सलाइनची सुई लागलेले आईचे हात बघायचे, आणि बोलायचं कुणाशी? त्याने परस्पर मित्राला सांगितलं असतं तर आत्याला कळलंही नसतं. पण त्याने आधी तिलाच विचारलं. तिने थोडा विचार केला आणि एका मित्राला सांगायची परवानगी दिली, वर "त्याच्या बायकोला नको" हेही. तो मित्र हल्ली त्यांचं लाइटबिल भरतो, डबा दाराशी ठेवून जातो. बेलही वाजवत नाही.

काका अजून रुसलेत. दिवाळीला फराळाचा डबा आला नाही त्यांच्याकडून. आत्या म्हणाली, "सुटले बाई. त्यांच्याकडच्या चकल्या चावायला या तोंडाच्या फोडांनी कशा जमल्या असत्या?"