मोतीवाली आणि घाणीचं तेल

तैलरंगात चेहरा रंगवायला शिकायचं असेल तर आधी जुन्या उस्तादाची नक्कल कर, असं चित्रकलेच्या सरांनी सांगितलं. नकलेचा अनुभव दहावीपासून गाठीशी होताच. मी डेल्फ्टच्या व्हर्मियर या डच चित्रकाराची मोत्याच्या डुलाची पोर निवडली. साधारण १६६५ सालचं, हेगच्या संग्रहालयातलं हे चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं आहे. पंधरवड्यात उरकेल असा हिशेब मी केला, वावराच्या निंदणासारखा, क्षेत्रफळावर.

आधी नुसत्या तपकिरी रंगानं सावल्या लावायच्या, रंग नंतर. चहा घेऊन आलेली आई थबकली. "बाबू, इचं तोंड चुलीत गेल्तं का रे?"

खरा घोळ तेलानं केला. अकोल्याहून आणलेली बाटली चौथ्या दिवशी लवंडली. पण तैलरंगातलं तेल म्हणजे जवसाचंच की! आणि जवसाची आमच्याकडे काय कमी? घरात चटणीला जवस, डब्यात घाणीचं तेल. तेच ओतलं, सढळ हातानं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. म्हणून खालचे थर कमी तेलाचे ठेवायचे, वरचे जास्त तेलाचे, नाहीतर पुढे तडे जातात. हे मला सरांनी सांगितलं. नंतर. दहाव्या दिवशीही बोट लावलं की पोरीचा गाल बोटाला यायचा.

त्यात दिवस कापसाचे. भाव वाढेल या आशेवर वेचलेला कापूस पुढच्याच खोलीत गंजी लावून पडलेला. खोलीत कुणी शिंकलं तरी तंतू उडायचे आणि नेमके ओल्या ओठांवर जाऊन बसायचे. शेजारच्या काकूंनी बारकाईनं पाहिलं. "बाप्पा! ह्या पोरीले मिशा काऊन?"

मी आईच्या चिमट्यानं एकेक तंतू उपटायला बसलो. तंतूबरोबर ओठही निघाला. मूळ चित्रात ओठांच्या कोपऱ्यावर ओलसर चमक दाखवणारा एक इवलासा ठिपका आहे. माझ्याकडे त्या जागी कॅनव्हास दिसत होता.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी: बाबूनं पोरगी पाहून ठेवली, फेटा बांधते म्हणे. रात्री जेवताना बाबांनी विषय काढला.

"कोन्या गावची हाय?"

"डेल्फ्टची."

"वर्ध्याकडं येते का थे?"

हे नुसतं चित्र आहे, हे पटवायला भाकर निवली. मग त्यांना किमतीची चिंता. मूळ चित्र १८८१ साली लिलावात २ गिल्डरला गेलं, वर ३० सेंट, असं मी सांगितलं. "म्हंजे कापसाहून बेकार," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मोत्यावर मी सहा संध्याकाळी घालवल्या. कधी लिंबू झाला, कधी लसूण. सातव्या दिवशी आमच्याकडे आलेले सोनारकाका चष्मा पुसून चित्रापुढे वाकले. चेहरा पाहिलाच नाही.

"याले आकडा कुठी हाय? कानाले अडकला कसा?"

मूळ मोत्यालाही आकडा नाही, संग्रहालयातल्या लोकांनी यंत्रं लावून तपासलं तरी सापडला नाही, नुसते पांढऱ्या रंगाचे दोन-चार फटकारे आहेत, असं मी सांगितलं.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग मजुरी कायची घेतली त्यानं?"