माहितीपत्रकातला आकडा आणि उतारावरची कॅराव्हॅन

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की इंग्लंडमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर कॅराव्हॅनबद्दल, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घराबद्दल, एक मेसेज फिरायला लागतो: "कायदा बदललाय. साध्या कार लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंत कॅराव्हॅन ओढता येते. माहितीपत्रकात गाडीचा टोइंगचा आकडा बघा आणि तेवढ्या वजनाची घ्या. 85 टक्क्यांचं जुनं खूळ सोडा. स्टॅबिलायझर असला की झालं." यातलं पहिलं खरं आहे आणि त्याच्या आडून बाकीचं खपून जातं.

कायदा 16 डिसेंबर 2021 पासून बदलला. 1997 पासून पुढे कारची परीक्षा पास झालेल्यांनाही आता वेगळी परीक्षा न देता 3500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. पण ही सवलत चालकाला आहे. तुमच्या गाडीची मर्यादा तिच्यावरच्या छोट्या पाटीवर (बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली) लिहिलेली असते, ती बदललेली नाही.

आता तो टोइंगचा आकडा. युरोपीय नियमांत तो ठरवताना पाहतात ते असं: ट्रेलर जोडलेली गाडी 12 टक्के चढावर, पाच मिनिटांत पाच वेळा, थांबून पुन्हा निघू शकते का. म्हणजे कस लागतो इंजिन आणि क्लचचा. उतारावर ताशी 60 मैलांनी जाताना बाजूने वारा आला तर मागचं धूड आवरेल का, हे त्या चाचणीतून कळत नाही. आपल्याकडे बैलगाडी हाकलेल्या कुणालाही विचारा. चढ बैल रेटून काढतात. उतारावर भरलेली गाडी त्यांच्या अंगावर येते, खरी भीती तिथे.

85 टक्के आले ते इथूनच. भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन गाडीच्या कर्ब वेटच्या, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाच्या, 85 टक्क्यांत ठेवा, असा नवख्यांना सल्ला असतो. तो कायदा नाही, हे कबूल. पण 1480 किलोच्या गाडीला माहितीपत्रक 1500 किलो ओढायची मुभा देत असेल, तर मेसेज ऐकणाऱ्याच्या मागे गाडीपेक्षाही जड कॅराव्हॅन लागेल. 85 टक्क्यांनी हिशोब केला तर 1258 किलो येतात. पहिल्याच सहलीला, मागे पोरं बसलेली असताना, हा अडीचशे किलोंचा फरक मला तरी खूळ वाटत नाही.

स्टॅबिलायझरबद्दल, म्हणजे कॅराव्हॅनचं डुलणं आवरायला लावतात त्या उपकरणाबद्दल, मात्र मला अनुभवाचंच सांगायचंय. आम्ही डेव्हनला निघालो होतो. दहा किलो तांदूळ, कुकर आणि डब्यांच्या पिशव्या कॅराव्हॅनच्या मागच्या कपाटात, मुलांच्या दोन सायकली तिच्याच मागच्या रॅकवर. वजन मर्यादेत होतं, स्टॅबिलायझरही लावलेला होता. एम5 मोटरवेवर टॉन्टनच्या अलीकडे एका उतारावर एक कोच आम्हाला ओलांडून गेला आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं. आरशात कॅराव्हॅनचा कोपरा एकदा डावीकडे दिसला, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ब्रेकला पायही लावला नाही. काही सेकंदांत ती सावरली. मुलं गप्प झाली होती.

पुढच्या सर्व्हिसेसला (मोटरवेवरच्या थांब्यावर) नोझवेट मोजलं, म्हणजे कॅराव्हॅनची मान टो बारवर, गाडीमागच्या जोडणीच्या दांड्यावर, किती भार टाकते ते. भरलं 38 किलो. कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के हवं, म्हणजे आमच्या 1250 किलोंना निदान 62; शिवाय गाडी, टो बार आणि कपलिंग (कॅराव्हॅनच्या बाजूची जोडणी) यांतली जी मर्यादा सर्वांत कमी, तिच्या आत. मागे जड भरलेल्या बैलगाडीला आपल्याकडे उलाळ म्हणतात. आमची कॅराव्हॅन उलाळ झाली होती. स्टॅबिलायझर बारीक डुलणं दाबून टाकतो, म्हणून तर तोवर आम्हाला काहीच जाणवलं नव्हतं. चुकीचं भरलेलं सामान तो जागेवर आणत नाही.

तिथेच पार्किंगमध्ये सायकली काढून आत ॲक्सलच्या वर जमिनीवर आडव्या घातल्या, तांदूळ आणि कुकर त्यांच्या शेजारी. पुन्हा मोजलं. 66.