वजनाआधी टायर बघा

पहिली रोड बाईक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात चालवायची गिअरची सायकल, घेताना आधी तिचं वजन बघा, असं एका लेखात म्हटलंय. भाऊ, यवतमाळ-दारव्हा पट्ट्यात चालवणाऱ्याला मी पहिले टायर बघायला सांगीन. २३ मिमी रुंदीचा बारीक टायर आमच्या उखडलेल्या डांबरीवर खड्ड्यात आपटला की ट्यूब जाते, रिमही वाकते. फ्रेम आणि ब्रेकमध्ये २८, जमलं तर ३२ मिमीचा टायर बसेल एवढी जागा पाहिजेच. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतात तेव्हा काळी माती ब्रेकपाशी अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही. बाभळीचे काटे तर बारमाही.

ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायचा बारीक, लांब व्हॉल्व्ह) असेल तर पितळी अडॅप्टर सोबत ठेवाच. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याशिवाय लागत नाही. गिअर शिमानो कंपनीचे क्लॅरिस, ८ स्पीड (मागे ८ चकत्या), पुरेसे आहेत. पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला ३२ दात असले तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाटही चढता येतो.

आणि दुकानात पडून असलेली साईज कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आपल्या उंचीची फ्रेम येईपर्यंत थांबा, हेल्मेट आणि मागच्या लाईटचे पैसे आधीच बाजूला काढा.