तळमजल्यावरची एक खोली, एवढंच विचारलं होतं

गेले नऊ दिवस रोज संध्याकाळी ऑफिसमधून आले की मी फोन घेऊन बसते आणि महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्यांशी डोकं लावते. नऊ दिवस! बेत काय, तर भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याहून निघायचं, खंबाटकी चढायचा, वाईला ढोल्या गणपतीला नमस्कार करायचा, पसरणी घाटाने पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर. दोन रात्री राहून परत. गाडी आमची, रस्ता जेमतेम सव्वाशे किलोमीटरचा. यात अवघड असं काय आहे?

सगळ्यांना माझा प्रश्न एकच. "दोन खोल्या, पाच माणसं, दोन रात्री. सगळं धरून किती होतील?" याचं उत्तर एका आकड्यात द्यायला कुणीही तयार नाही. "मॅडम, व्हॉट्सॲपवर टॅरिफ टाकतो." मग ती पीडीएफ येते. त्यात दिवाळी पॅकेज, कमीत कमी तीन रात्री. अहो, मला दोनच रात्रींची रजा आहे, तिसऱ्या रात्रीचे पैसे कशाचे भरू? रात्रीचं जेवण सक्तीचं. मुलगा नऊ वर्षांचा, तर त्याच्या गादीचे रात्रीला अठराशे. जमिनीवर टाकलेल्या एका गादीचे! आणि खाली बारीक अक्षरात, कर वेगळे. खोली ८२०० रुपये सांगतात. भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के, म्हणजे झाले ९६७६. दोन खोल्या, दोन रात्री धरल्या की सरळ ५९०४ रुपयांचा फरक. कर सरकारचा आहे, तो भरायला मी ना म्हणत नाही. पण मी सगळं धरून विचारलं ना? मग सगळं धरून सांगायला काय होतं?

त्याच पीडीएफमध्ये टोपलीभर लालभडक स्ट्रॉबेरी घेतलेल्या मुलीचा फोटो, खाली 'दिवाळी स्पेशल स्ट्रॉबेरी पिकिंग'. दिवाळीत? पावसाळा सरता सरता तिथे रोपं लावतात. फळ हाताला लागायचं ते थंडी पडल्यावर. हे तिथल्या माणसाला माहीत नसेल? माहीत असून छापतात, याची चीड येते. माझी मुलं तो फोटो बघून आशा लावून बसली होती, त्यांना मला समजावावं लागलं.

पण खरा संताप आईवरून आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर चालते, जिना जमत नाही. मागच्या वर्षी आम्ही असंच गेलो होतो. बुकिंग करताना दोनदा सांगितलं, तळमजल्यावरची खोली हवी. "हो मॅडम, नोट केलंय." साडेअकराला पोचलो. चेक-इन एकचं, ठीक आहे, थांबलो. खोली हातात आली सव्वातीनला. तोवर आई पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय लोंबते ठेवून. आणि खोली कुठली, तर दुसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नाही. बत्तीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण प्रत्येक पायरीला ती कठडा धरून थांबत होती आणि मी मागे हात लावून उभी होते. काउंटरवर विचारलं तर म्हणे, "रिक्वेस्ट टाकली होती, पण अव्हेलेबिलिटीवर असतं."

वर गेलो तर गादीला ओलसर, कुबट वास. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या गावात, भिंती ओल धरणारच, हे मला कळतं. पण पाऊस जाऊन पंधरा-वीस दिवस झाले होते, कडक ऊन पडत होतं. गाद्या एकदा उन्हात टाकायला काय हरकत होती? 'व्हॅली व्ह्यू'चे जास्तीचे पैसे घेतले होते. खिडकी उघडली तर समोर काळी पाण्याची टाकी, तिच्या बाजूने जरा मान वाकडी केली की दरीचा एक तुकडा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चेक-आउट म्हणून पावणेदहालाच दार वाजवायला माणूस हजर. आम्हाला सव्वादोन तास ताटकळत ठेवलं, त्याचा हिशोब कुणी करायचा?

फोनवर बोलणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना जे सांगून ठेवलंय तेच ती बोलतात. एकाने तर हळूच सांगितलं, "ताई, खालच्या खोल्या मालक ग्रुपसाठी ठेवतात." राग त्या मालकावर आहे.

आणि जायचं तर आत्ताच जायचं असतं. पाऊस थांबलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, पाचगणीवरून धोम धरणाचं भरलेलं पाणी दिसतं, लिंगमळ्याचा धबधबा अजून आटलेला नसतो. आईला मात्र पॉइंट वगैरे काही नको. तिला क्षेत्र महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात जायचंय. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाचही नद्यांचं पाणी जिथे गोमुखातून पडतं, तिथे ओंजळ धरायची आहे. मागच्या वर्षी हॉटेलच्या त्या बत्तीस पायऱ्यांनी गुडघे असे सुजले की दुसऱ्या दिवशी ती गाडीतून उतरलीच नाही. देवळापर्यंत जाऊन परत आलो.

काल एकाने अर्धे पैसे आत्ता पाठवा म्हणून सांगितलं, परत मिळणार नाहीत. मी म्हटलं, पाठवते, फक्त तळमजल्यावरची खोली नक्की असं मेसेजवर लिहून द्या. "तसं लिहून देता येत नाही मॅडम." मग पैसे तरी कसले आगाऊ मागता? मी फोन ठेवला. आत्ता आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "मिळाली का गं खालची?" दहावा नंबर लावलाय. उचलत नाहीत.