मेलेले सापडतात, परतलेले सापडत नाहीत

आमच्या गावात, पाटण तालुक्यात, वेशीवर फलक लावायचं घाटतंय. दुसऱ्या महायुद्धाला गेलेल्या गावकऱ्यांची नावं त्यावर कोरावीत अशी तरुण पोरांची सूचना. त्यावर गावातल्याच एका निवृत्त गुरुजींनी हरकत घेतली: इंग्रजांच्या पगारावर लढलेल्या भाडोत्र्यांची नावं स्वतंत्र भारतात कशाला मिरवायची? कोरायचीच असतील तर पत्री सरकारात गेलेल्यांची कोरा. पोरं म्हणतात, ते आमचे वीर होते. गुरुजी म्हणतात, वीर कोणाचे? फोनवर हा सगळा वाद मी इथे इंग्लंडमध्ये, रेडिंगला बसून वाचतोय. गप्प बसवत नाही, कारण फलकाच्या यादीतलं एक नाव आमच्या तात्यांचं आहे.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये नाईक होते. म्हणजे लढाऊ पलटणीतले नव्हे, तर पलटणीच्या पुढे जाऊन रस्ता करणारे, पूल टाकणारे, सुरुंग काढणारे. घरात त्यांच्याविषयी माहिती किती? ‘इटलीत होते, पूल बांधायचे.’ इतकीच. ट्रंकेत इटली स्टार हे पदक आणि डिस्चार्जचा एक कागद. त्या कागदावर ‘21 फील्ड कंपनी’ स्पष्ट वाचता येतं. शिपाई म्हणून त्यांचा जो नंबर होता, त्याचे शेवटचे दोन आकडे मात्र वाळवीने खाल्लेत.

लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, जाऊन मी शोध घेतला, तो या कंपनीच्या नंबरावर. ब्रिटिश लष्कराच्या प्रत्येक तुकडीला युद्धकाळात वॉर डायरी, म्हणजे रोजच्या हालचालींची नोंदवही, ठेवावी लागे आणि हिंदुस्थानी तुकड्याही त्याला अपवाद नव्हत्या. ती पानं आज कोणीही मागवून पाहू शकतो. पासपोर्ट कुठला, आडनाव काय, नातं काय, हे कोणी विचारत नाही. हे मान्य करायलाच हवं, आणि मी ते गावच्या ग्रुपवरही लिहिलं, तेव्हा ‘गोऱ्यांचं कौतुक’ म्हणून दोन टोले खाल्ले.

पण त्या पानांत असतं काय? अधिकारी रजेवर गेला, परत आला, तर त्याचं नाव असतं. रस्ता किती झाला, स्फोटकं किती लागली, खेचरं किती आली, हे असतं. आणि आमच्या माणसांसाठी ‘आयओआर’ ही तीन अक्षरं, म्हणजे इंडियन अदर रँक्स, हिंदुस्थानी साधे जवान. इतके आयओआर ठार, इतके जखमी, इतके नव्याने दाखल. या आकड्यांत तात्या कुठेतरी असणार. नाव नाही.

त्यांची कंपनी काय करत होती, ते मात्र लख्ख कळतं. 1944 चा फेब्रुवारी-मार्च, इटलीतला, जर्मनांनी धरून ठेवलेला कॅसिनोचा डोंगर. माथ्यावरचा मठ 15 फेब्रुवारीला विमानांनी जमीनदोस्त केला आणि तरीही जर्मन हलले नाहीत. मग मठाच्या मागच्या अंगाने रणगाडे चढवायचे ठरलं. तिथे होती फक्त खेचरांची पायवाट. तात्यांची कंपनी ज्यात होती त्या चौथ्या इंडियन डिव्हिजनच्या सॅपरांनी आणि न्यूझीलंडच्या इंजिनियरांनी सुरुंग लावून कडा फोडला, रणगाडा जाईल इतकी ती वाट रुंद केली आणि दिसेल तो भाग जाळ्यांखाली झाकला. तिचं नाव पडलं कॅव्हेंडिश रोड. 19 मार्चला रणगाडे त्या वाटेने वर गेले. शत्रू चकित झाला, पण रणगाड्यांबरोबर पायदळ पाठवलंच नव्हतं, त्यामुळे हल्ला वाया गेला. सॅपरांनी आपलं काम चोख केलं आणि वरच्यांनी ते मातीत घालवलं, असं माझं मत. तात्यांचं काय मत होतं ते आता कोण सांगणार! आज ती डोंगरातली पायी फिरण्याची वाट आहे. मी ती चालून आलो. सोबतचा गाइड न्यूझीलंडवाल्यांविषयी आणि पोलिश सैनिकांविषयी भरभरून बोलला. 18 मे 1944 ला मठावर निशाण चढवलं ते पोलिश सैनिकांनी, आणि त्यांचं स्मशानही तिथेच आहे, त्यामुळे ते ठीकच. वाट फोडणाऱ्यांत साताऱ्याचेही लोक होते, हे मी सांगितल्यावर त्याने वहीत टिपून घेतलं.

याच 21 फील्ड कंपनीत युद्धाच्या सुरुवातीला एक तरुण अधिकारी होता, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत. 31 जानेवारी 1941 पासून चार दिवस सुदानच्या सरहद्दीवरच्या गल्लाबातकडून आत अ‍ॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, शिरताना 55 मैल रस्त्यावरची सुरुंगांची 15 क्षेत्रं त्यांनी साफ केली. दोनदा त्यांची गाडी त्यांच्यासकट सुरुंगावर उडाली, तिसऱ्यांदा दबा धरून बसलेल्या शत्रूने गाठलं, कानाचा पडदा फाटला, तरी काम सोडलं नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. दुसऱ्या महायुद्धात ते मिळवणारे भगत हे पहिले हिंदुस्थानी अधिकारी. त्यांच्या मानपत्रात ‘गाडी उडाली, माणसं दगावली’ एवढंच आहे. त्या गाडीतली माणसं कोण, हे तिथे नाही.

दगावलेल्यांना निदान दुसरं दार आहे. युद्धात मेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे 87 हजार हिंदुस्थानी मृतांची नोंद आहे. संगणकावर नाव टाकलं की सॅपर अमुक, अमुकचा मुलगा, अमुकचा नवरा, गाव तमुक, जिल्हा सातारा, असं समोर येतं. रोमन लिपीत गावाच्या नावाची खांडोळी झालेली असते, पण ओळखू येतं. हिंदू-शीख जवानांना अग्नी दिल्यामुळे थडगं नाही; इटलीत सांग्रो नदीजवळच्या दहनस्मारकावर अशा पाचशेहून अधिक जणांची नावं आहेत. मेलेला माणूस असा दोन मिनिटांत सापडतो. जिवंत परतलेला सापडत नाही. 25 लाख हिंदुस्थानी या युद्धात भरती झाले. त्यातले बहुतेक घरी आले, शेतीला लागले, आणि कागदावरून पुसले गेले.

ब्रिटनचं संरक्षण खातं 2022 पासून आपल्या जुन्या सैनिकांच्या सुमारे 97 लाख फायली क्यूला हलवतंय. त्यात आमचे जवान नाहीत, असूही शकत नाहीत. हिंदुस्थानी जवानांची सेवापुस्तकं विलायतेत आलीच नाहीत. ती त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे राहिली, आणि बॉम्बे सॅपर्सचं घर खडकीला, पुण्यात. म्हणजे मी पाच हजार मैलांवर ज्यांना शोधतोय, त्यांचा खरा पत्ता माझ्या बहिणीच्या घरापासून रिक्षाने जाण्याइतका जवळ. तिथला शोध नंबरावर चालतो, आणि आमच्या नंबराचे दोन आकडे वाळवीच्या पोटात!

आता गुरुजींच्या हरकतीकडे येतो. ती मला क्षुल्लक वाटत नाही. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. त्या वेळी तात्या त्याच सरकारच्या गणवेशात इजिप्तच्या वाळवंटात होते. तात्यांची कंपनी कॅसिनोत कडा फोडून महिना उलटला नसेल, तोच 14 एप्रिल 1944 ला पत्री सरकारच्या लोकांनी धुळ्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला. त्याच सुमाराला आमच्या घरात तात्यांची मनीऑर्डर येत होती आणि रात्री भूमिगतांना भाकऱ्याही जात होत्या. माझी आजी हे सांगताना कधी अडखळली नाही. दोन्ही तिला आपलीच माणसं वाटायची. सातारा जिल्ह्यातल्या जुन्या घरांत विचारा, असं दोन्हीकडचं नातं बऱ्याच ठिकाणी निघेल. ‘भाडोत्री’ आणि ‘क्रांतिकारक’ अशा दोन रांगा लावायच्या, तर माझ्या आजीचं घर कुठल्या रांगेत बसवणार?

पोरांचा ‘वीर’ शब्दही मला रुचत नाही. तात्या हिटलरला हरवायला गेले असतील असं मला वाटत नाही. डोंगराकडेची चार वाटण्या झालेली जमीन, घरात खाणारी तोंडं, आणि भरती करणारा माणूस दारात. त्यांनी नोकरी धरली, ती नीट केली, आणि इटलीचा डोंगर चढले. याहून मोठं विशेषण त्यांनी मागितलं नव्हतं.

हे इथे राहून अधिक जाणवतं, कारण इथेही तात्यांना राबवून घेतलं जातं, निराळ्या कामासाठी. नोव्हेंबर आला की युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं लाल फूल, पॉपी, कोटाला लागते. बकिंगहॅम राजवाड्याजवळ 2002 मध्ये उभारलेल्या मेमोरियल गेट्सवर साम्राज्याच्या सैनिकांची आठवण होते. आणि स्थलांतरितांवर टीका झाली की आमचे इथले लोक लगेच म्हणतात, ‘आमचे आजे तुमच्यासाठी लढले!’ म्हणजे तात्यांनी कॅसिनोला कडा फोडला तो मला रेडिंगमध्ये ताठ मानेने राहता यावं म्हणून. मी इथे कर भरतो, काम करतो. राहण्याचा माझा हक्क त्यावर उभा आहे, तात्यांच्या जखमांवर नाही. शिवाय इंग्रजांची आठवण वाटते तेवढी उदारही नाही. ग्रेव्ह्ज कमिशनच्याच 2021 च्या चौकशी अहवालाने कबूल केलंय की पहिल्या महायुद्धातल्या किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाख, आफ्रिकी, हिंदुस्थानी आणि इतर मृतांची नावं त्यांनी कुठेच कोरली नाहीत. पण त्यांनी तो अहवाल स्वतः मांडला आणि छापला, हेही लिहिलंच पाहिजे.

आपल्याकडे वाद होतात ते दगडांवरून. इंडिया गेटवरची ज्योत हलवली, छत्रीखाली नेताजींचा पुतळा आला, त्यावर दोन्ही बाजूंनी किती लिहिलं गेलं! कागदांवरून कोणी भांडत नाही. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यामागोमाग आलेल्या नियमांप्रमाणे 25 वर्षांपुढचे सरकारी कागद साधारणपणे राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवेत. 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने वॉर डायऱ्या आणि युद्धांच्या इतिहासाबद्दल तसंच धोरण जाहीर केलं. धोरण चांगलं आहे. पण भगत यांचंच उदाहरण घ्या. 1941 मधल्या त्यांच्या शौर्याची शिफारस मी क्यूच्या संकेतस्थळावरून घरबसल्या उतरवून घेऊ शकतो. 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी त्यांनी ब्रिगेडियर असताना लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स यांच्यासह केली. तो अहवाल आपल्या सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. एकाच माणसाचा एक कागद इंग्रज दाखवतात, दुसरा आपण दडवतो, आणि वसाहतीची छाप पुसायच्या गप्पा मारतो.

खडकीच्या जवानांच्या बाबतीत तर लपवण्यासारखं काहीच नाही. नाव, नंबर, गाव, तालुका, भरतीचं आणि सेवेतून सुटल्याचं वर्ष: एवढ्याच रकान्यांची यादी प्रसिद्ध करा. वैद्यकीय नोंदी, शिक्षा, बायकोमुलांचे तपशील बंद ठेवा. खासगीपणाचा मुद्दा इंग्रजही पाळतात. मृत्यूचा पुरावा नसेल तर जन्मापासून 115 वर्षं फाइल उघडत नाहीत, आणि ते बरोबर आहे. पण नावांची सूची म्हणजे फाइल नव्हे. मॅट्रिकचा निकाल वर्तमानपत्रात छापून यायचाच की!

पंजाब्यांनी हे करून दाखवलंय. पहिल्या महायुद्धानंतर पंजाब सरकारने गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या केल्या होत्या, सुमारे 3 लाख 20 हजार माणसांच्या. त्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून होत्या. ब्रिटनमधल्या पंजाबी वारसा संघटनेने ग्रिनिच विद्यापीठाला बरोबर घेऊन 2021 मध्ये जालंधर, लुधियाना आणि सियालकोट या जिल्ह्यांपासून त्या संगणकावर आणायला सुरुवात केली. लाहोर पाकिस्तानात, वाचणारे इंग्लंड-कॅनडात, जालंधर-लुधियाना भारतात, तरी जमलं. आमच्या सॅपर्समधले मुसलमान जवानही 1947 ला पाकिस्तानच्या वाट्याला गेले, तेव्हा त्यांची नातवंडंही अशा यादीची वाट बघत असतील.

इथल्या आमच्या मराठी मंडळांत मी हा विषय काढतो तेव्हा गणपती आणि दिवाळीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला जागा मिळत नाही, हे खरं. पैसा ही अडचण नाही. ढोल-ताशाच्या सामानासाठी तो जमतोच. अडचण अशी की स्कॅन करायला मागायचं काय आणि कोणाकडे, हे आम्हाला कोणी सांगत नाही. लष्कराने सूचीपुरती परवानगी दिली, तर खर्चाची पहिली पावती माझ्या नावाने फाडा. तात्यांचं नाव, गाव आणि कंपनी माझ्याकडे आहे. नंबराचे दोन आकडे तेवढे त्या यादीतून मिळतील.