हॉड स्टुअर्टचा उन्हाळा

महाराष्ट्रात अधूनमधून एक भांडण उकरून निघतं: खेळाडूला सरकारी नोकरी द्यावी का? २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, गोविंदांनाही पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ मिळणार असं कळलं आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं खवळली. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं ताजी होती, त्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा होता. दुसरा पक्ष म्हणतो, नोकऱ्या कशाला, लीग काढा. प्रो कबड्डीच्या लिलावात पोरांना लाखो मिळतातच की.

कॅनडात राहून हा वाद वाचला की वाटतं, दोन्ही बाजू चुकीच्या जागी बोट ठेवताहेत. इथे आइस हॉकीत हेच भांडण सव्वाशे वर्षांपूर्वी झालं होतं. ते नीट समजून घ्यायचं तर हॉड स्टुअर्टची कारकीर्द पाहावी.

स्टुअर्ट ओटावाचा, जन्म १८७९चा. तो ‘कव्हर-पॉइंट’ खेळायचा. नाव क्रिकेटचं वाटलं तरी जागा कबड्डीतल्या कव्हरच्या जवळची. तेव्हा संघात कबड्डीसारखेच सात जण असत: गोलरक्षक, त्याच्या पुढ्यात पॉइंट, त्याच्या पुढे कव्हर-पॉइंट, मग मोकळा फिरणारा रोव्हर आणि तीन आघाडीवीर. आजचे दोन बचावपटू शेजारी शेजारी असतात, तेव्हाचे एकामागे एक उभे राहत.

पुढे पास द्यायला बंदी होती. पक, म्हणजे चेंडूऐवजी असलेली रबराची चपटी चकती, बाजूला किंवा मागेच ढकलता येई. मग पक हिसकावल्यावर बचावपटूने करायचं काय? बहुतेक जण तो स्टिकने उंच उडवून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फेकत. धोका टळे, पण पक आयता समोरच्यांच्या हाती जाई. दुसरा मार्ग म्हणजे स्वतः पक घेऊन सुटायचं, आणि स्टुअर्टची ख्याती त्यासाठीच होती. पण यात मोठी मेख आहे. पक मध्येच हिसकावला गेला तर गोलरक्षकाच्या पुढे एकटा पॉइंट उरतो. शिवाय सामना तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांचा आणि बदली खेळाडू जवळपास नाहीतच. एक जण जखमी झाला तर बहुधा समोरचा संघही एकाला बाहेर बसवी. म्हणजे सहा फुटी धिप्पाड गड्याने दर वेळी टोक गाठून परत आपल्या जागी यायचं, तेही तासभर. त्यात नैसर्गिक बर्फ. मार्चमध्ये त्यावर पाणी साचलं की पक घसरत नाही, रुतून बसतो. अशा दिवशी धावण्यापेक्षा उडवणंच शहाणपणाचं.

आता पैशाकडे वळू. ऑन्टारिओच्या हॉकी संघटनेला हौशीपणाचं इतकं सोवळं होतं, की १८९८ साली बर्लिन गावच्या (आजचं किचनर) संघाला महापौरांनी विजयाबद्दल दहा-दहा डॉलरची सोन्याची नाणी दिली म्हणून अख्खा संघ निलंबित झाला. त्यातला डॉक गिब्सन पुढे दंतवैद्य होऊन मिशिगनच्या तांब्याच्या खाणींच्या मुलखात, हॉटनला गेला. हे गाव मिशिगन टेकमुळे आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनाही माहीत आहे. गिब्सनच्या पुढाकाराने १९०४ मध्ये तिथे पहिली पूर्ण व्यावसायिक हॉकी लीग सुरू झाली.

स्टुअर्ट त्याआधीच पगारी झाला होता. पिट्सबर्गमध्ये कृत्रिम बर्फाची रिंक होती, म्हणजे हंगाम हवामानावर अडत नव्हता. तिथे त्याला आठवड्याला पंधरा-वीस डॉलर आणि वर एक नोकरी मिळाली. नव्या लीगमध्ये त्याच मुलखातल्या कॅल्युमेटच्या संघाने खेळण्यासाठी आणि संघ सांभाळण्यासाठी त्याला एका हंगामाचे १,८०० डॉलर दिले. १९०६च्या अखेरीस माँट्रियलच्या लीगनेही हौशींच्या बरोबरीने व्यावसायिकांना खेळायची मुभा दिली आणि तो तिथल्या वाँडरर्स संघाकडे गेला. त्या हंगामात वाँडरर्सनी साखळीतले दहाच्या दहा सामने जिंकले. जानेवारीत केनोराच्या संघाने नेलेला स्टॅन्ली कप, म्हणजे कॅनडातल्या हॉकीचा सर्वोच्च करंडक, मार्च १९०७ मध्ये परत आणला.

बर्फ वितळलं आणि पगारही थांबला. देशातला सर्वांत नावाजलेला बचावपटू उन्हाळ्यात काय करत होता? वडिलांच्या बांधकाम व्यवसायात कामाला लागला होता, बेलव्हिल गावातल्या लष्करी कवायतीच्या इमारतीवर देखरेखीला. २३ जून १९०७, रविवार. मित्रांबरोबर क्विंटीच्या उपसागरात पोहायला गेला, दीपगृहापाशी सूर मारला; खाली पाणी उथळ आणि खडक टोकदार. मान मोडली. वय २८. मागे बायको आणि दोन मुलं.

२ जानेवारी १९०८ रोजी वाँडरर्स आणि इतर संघांतले निवडक खेळाडू यांच्यात त्याच्या कुटुंबासाठी सामना झाला. हॉकीतला हा पहिला ऑल-स्टार सामना म्हणून सांगितला जातो. वाँडरर्स १०-७ने जिंकले, २,००० डॉलरच्या वर रक्कम जमली. इथे सगळे हा प्रसंग गहिवरून सांगतात. मला त्यातला हिशेब दिसतो: विधवेच्या हाती आलं ते नवऱ्याच्या एका हंगामाच्या कमाईहून थोडंसंच जास्त, आणि तेही प्रेक्षकांनी तिकिटं काढली म्हणून. १९४५ साली हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिले खेळाडू घेतले, त्यांत तो होता. पण त्या मानावर कुणाचं घर चालत नाही.

हौशी की व्यावसायिक या वादाने स्टुअर्टच्या घरच्यांना काही दिलं नाही. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक हॉकी लीगच्या खेळाडूंची आजची संघटना उभी राहिली १९६७ मध्ये. आज खेळताना जायबंदी झालेल्याचा पगार चालू राहतो आणि सामूहिक आयुर्विमाही असतो. मात्र खेळाबाहेरच्या दुखापतीसाठी क्लब पगार थांबवू शकतो.

म्हणून आपल्याकडच्या पालकांनी लिलावाचा आकडा ऐकून हुरळण्याआधी त्याला बारा महिन्यांनी भागावं. कबड्डीपटू पोलिसातली, रेल्वेतली नोकरी सोडायला का कचरतात, ते मग लक्षात येईल. त्याला भित्रेपणा म्हणणं मला पटत नाही. गोविंदांसाठी सरकारने मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदत जाहीर केली, चांगलंच आहे. पण पथकाने विमा उतरवताना आधी तारखा वाचाव्यात. हंडी एका दिवसाची असते, थर लावायचा सराव मात्र कितीतरी आठवडे आधी सुरू होतो, आणि सरावात पडलेल्याचं हाडही तितकंच मोडतं.