साखळीची पिळवट विसरू नये

वीजवाहक प्लास्टिकवरील लेखात म्हटले आहे की, अणूंच्या साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असले की बहुवारिकातून (लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थातून) वीज वाहते; हे विधान मला अपुरे वाटते. पॉलिअ‍ॅसिटिलीनची (असे बंध असलेल्या एका साध्या बहुवारिकाची) वाहकतासुद्धा १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी त्यावर आयोडीनची प्रक्रिया केल्यानंतरच लाखो पटींनी वाढली. शिवाय पॉलिथायोफीन या, अणूंच्या वलयांची साखळी असलेल्या बहुवारिकात शेजारच्या दोन वलयांवरील उपशाखा (बाजूला जोडलेले अणुगट) समोरासमोर आल्या, तर जागेअभावी साखळी पिळवटते आणि इलेक्ट्रॉनांचा सलग मार्ग खंडित होतो. त्याच उपशाखा एका दिशेने बसवल्या, तर साखळ्या सपाट राहून एकमेकींवर नीट रचल्या जातात व वाहकता वाढते. सोलापुरात चादरी-टॉवेलांच्या सुतावर पॉलिपायरोल या तशाच वलयांच्या वीजवाहक बहुवारिकाचा थर देऊ पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी हा भाग लेखात यायलाच हवा होता, कारण तेथेही वलयांची चुकीच्या जागी झालेली जोडणी वाहकता घटवते.